उद्योगतपस्वी लक्ष्मणराव किर्लोस्कर

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या आगगाडीने कराड आणि ताकारी ही स्थानके मागे टाकली की कृष्णाकाठच्या रानातून ती एका लहानशा स्थानकात येते. या स्थानकाचे आजचे नाव किर्लोस्करवाडी. पूर्वी त्याला कुंडल रोड म्हणत. एखाद्या राजाने गाव वसवावे व त्यास आपले नाव द्यावे, अशी उदाहरणे आपल्या इतिहासात पुष्कळ सापडतात. परंतु नांगर करणाऱ्या एका कारखानदाराने निवडुंगाच्या माळावर वस्ती उभारावी आणि कालांतराने रेल्वेच्या स्थानकासही त्याच्या घराण्याचे नाव मिळावे, हे उदाहरण विरळाच. त्या कारखानदाराचे, म्हणजे कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे, चरित्र यंदाच्या स्मरणिकेत ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

आपल्या मंडळातील कितीतरी घरांतील मुले आता नोकरीची वाट न पाहता लहानमोठे उद्योग काढू लागली आहेत. कोणाचा कुपवाडला लेथ चालतो, कोणाची साताऱ्यास ओतशाळा आहे, कोणी गुऱ्हाळ तर कोणी दूधसंकलन चालवितो. ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि उद्योग म्हटला की नफा पाहिजे, नफ्याच्या मागे लागले की माणसांचे हाल होतात, आणि माणसांचे पाहिले तरी भोवतालच्या जमिनीचे व पाण्याचे भान राहत नाही, अशी कोंडी आपण आज पाहतो. या तिन्ही गोष्टी एका हाताने सांभाळता येतात काय? केवळ उपदेशाने याचे उत्तर मिळणार नाही. ज्याने तो प्रयत्न आयुष्यभर केला, त्याचे जीवनच पाहिले पाहिजे.

बालपण व शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. मुलाने शास्त्राध्ययन करावे, घराण्याचा लौकिक विद्येने वाढवावा, ही त्यांची साहजिक इच्छा होती. परंतु मुलाचे मन पाठांतरात रमेना. चित्रे काढावी, एखादे यंत्र हाती लागले तर ते उघडून पाहावे, हाच त्यांचा छंद. शाळेतील पुस्तकी अभ्यासात मागे पडणारा प्रत्येक मुलगा मंद नसतो, ही गोष्ट आम्हां शिक्षकांनाही पुष्कळदा उशिरा कळते. लक्ष्मणरावांच्या सुदैवाने त्यांचे वडील बंधू रामूअण्णा यांनी ती वेळीच ओळखली. त्यांनीच पाठबळ दिले, आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे त्यांच्यावर एक अनपेक्षित आघात झाला. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांस कळत नाही, असे आढळून आले. ज्याने चित्रकार होण्याचे स्वप्न पाहिले, त्याला याहून कठोर निकाल कोणता? पण लक्ष्मणराव हताश झाले नाहीत. रंग नाही तर रेषा, असा विचार करून ते यंत्रांच्या रेखनाकडे वळले, आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक झाले. शिकविता शिकविता ते तेथील यंत्रशाळेत स्वतःही शिकत राहिले. यंत्र कसे चालते, कोठे झिजते, कोणता भाग कशाचा करावा, हे ज्ञान त्यांनी पदवीवाचून, केवळ हाताने काम करून मिळविले.

१८८८ साली त्यांनी पहिल्याप्रथम एक मनुष्य सायकलवरून जाताना पाहिला. त्या नवलातून त्यांना व्यापाराची कल्पना सुचली. बेळगावास बंधूंच्या साहाय्याने सायकलींचे दुकान निघाले व त्यास किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव मिळाले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्या आणि बेळगावी त्या विकल्या जाव्या, असा हा प्रारंभीचा क्रम होता. पुढे संस्थेत त्यांच्या हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. स्वाभिमानी लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते कायमचे बेळगावास आले. हातची नोकरी सोडून अनिश्चित धंद्यात उडी घेणे हे त्या काळच्या पांढरपेशा कुटुंबात वेडेपणाचे लक्षण मानले जाई.

लोखंडी नांगर

सायकली विकून चार पैसे सुटत होते, परंतु तो माल परदेशी होता. आपल्या देशातील बहुसंख्य लोक शेतकरी. त्यांच्या उपयोगाची वस्तू आपण स्वतः तयार केली तर लोकांचेही कल्याण होईल आणि धंदाही चालेल, असा विचार लक्ष्मणरावांच्या मनात घोळू लागला. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले. दुष्काळी मुलखात वैरणीचे मोल फार. अखंड कडबा गुरांपुढे टाकला की बुडखे वाया जातात, तोच बारीक कापून घातला की पेंढी पुरवठ्यास येते. यानंतर त्यांनी हाती घेतला तो लोखंडी नांगर.

आपला जुना लाकडी नांगर जमीन फाडतो, परंतु तिला उलथीत नाही. दोन तासांमध्ये न नांगरलेला पट्टा राहून जातो, आणि हरळी-कुंद्यासारख्या तणांच्या मुळ्या जागच्या जागी जिवंत राहतात. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळणदार पंख असतो. तो मातीचे ढेकूळ उचलून पालथे करतो. तण गाडले जाते, खालची माती उन्हाने तापते व पावसाचे पाणी खोल मुरते. हे सर्व खरे, परंतु शेतकऱ्यास पटावे कसे? लोखंडाने जमिनीस विष बाधते, अशी त्या वेळी पक्की समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली!

या दोन वर्षांचा विचार तरुण उद्योजकांनी अवश्य करावा. माल तयार असून गिऱ्हाईक नाही, भांडवल अडकलेले, लोक हसत आहेत, अशा स्थितीत लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यास अडाणी म्हणून दोष दिला नाही. शेतकऱ्याची जमीन ही त्याची एकमेव ठेव असते. ती नव्या हत्याराच्या स्वाधीन करण्यापूर्वी त्याने शंभरदा विचार करावा, हेच योग्य होते. बांधावर नांगर चालवून दाखविणे आणि नांगरलेल्या रानातील पिकाने साक्ष देणे, हाच शंका फेडण्याचा खरा मार्ग होता. एकदा ती साक्ष पटल्यावर मागणी वाढत गेली.

कुंडलचा माळ

धंद्यास बरकत येऊ लागली तोच नवे संकट उभे राहिले. बेळगावच्या नगरपालिकेला नवी वसाहत वसवावयाची होती आणि कारखान्याची जागा नेमकी तीत येत होती. कारखाना हलविणे भाग पडले. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या स्नेहाचा आधार मिळाला. हे राजेसाहेब स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते आणि गुणांची पारख असणारे होते. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडलजवळ जागा दिली आणि भांडवलासाठी कर्जाऊ साहाय्यही केले. १० मार्च १९१० रोजी तेथे कारखान्याचा आरंभ झाला.

जागा होती ३२ एकर, पण कशी? निवडुंगाने माजलेली, नागांनी भरलेली, पाण्याचे दुर्भिक्ष असलेली. जवळच रेल्वेचे एक ओसाड स्थानक होते, एवढीच काय ती अनुकूलता. सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे यांना घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर आले. त्यांच्या पत्नी राधाबाई आणि इतर घरांतील स्त्रियांनी त्या काळी मुलाबाळांसह जे हाल सोसले, त्यांची नोंद कोणत्याही ताळेबंदात नाही. परंतु त्याही या उद्योगाच्या भागीदारच होत, असे म्हटले पाहिजे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लक्ष्मणरावांनी पिकाखालची काळी जमीन मोडून कारखाना उभारला नाही. जो माळ कोणाच्याही उपयोगाचा नव्हता तो साफ केला आणि त्यावर घरे बांधून वस्ती वसविली. कारखाना म्हणजे धूर, घाण आणि झोपड्या, हे जे चित्र मुंबईच्या गिरणगावात त्यांनी पाहिले असेल, त्याची पुनरावृत्ती त्यांनी वाडीत होऊ दिली नाही.

माणसांची ओतशाळा

ओतशाळेत मोडके लोखंड वितळवून त्याचा नवा नग ओततात. लक्ष्मणरावांनी माणसांच्या बाबतीतही तेच केले. त्यांचे प्रमुख सहकारी पाहावे. हिशेब आणि कारभार पाहण्यास मंगेशराव रेगे होते. यंत्रांची बाजू शंभूराव जांभेकर यांनी सांभाळली. अनंतराव फळणीकर शिक्षण अर्धवट सोडून आले होते. के. के. कुलकर्णी यांनी विक्रीचे काम अंगावर घेतले. वसाहतीची व्यवस्था बंधू रामूअण्णांकडे होती. यांतील कोणी मोठ्या पदव्या घेऊन आले नव्हते. प्रत्येकाचा गुण हेरून त्याप्रमाणे काम सोपविले गेले, आणि कामाने माणूस वाढला.

याहूनही धाडसाची गोष्ट म्हणजे, दरोडेखोरीच्या गुन्ह्यासाठी शिक्षा भोगलेल्या दोघा इसमांना त्यांनी वाडीच्या राखणीवर नेमले. समाजाने ज्यांना कायमचे वाळीत टाकले, त्यांच्याच हाती मालमत्ता सोपविली आणि ते विश्वासास उतरले.

अस्पृश्यतेस किर्लोस्करवाडीत मज्जाव होता. ही गोष्ट ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत मुद्दाम लिहीत आहे. आपण एका ज्ञातीचे म्हणून एकत्र येतो, मुलांना शिष्यवृत्त्या देतो, अडल्यानडल्यास हात देतो, हे चांगलेच. परंतु आपल्यातील कोणी कारखाना काढल्यावर त्याने आपल्याच घरचा, आपल्याच पंगतीचा म्हणून माणूस निवडावा, हे मात्र योग्य नव्हे. साच्यात ओतलेल्या लोखंडास ते ओतणाऱ्याची जात चिकटत नाही. लक्ष्मणरावांनी शतकापूर्वी खेड्यात, संस्थानी मुलखात राहून जे आचरिले, ते आज आपणांस जड जाऊ नये.

या उद्योगाचा वारा सातारा व सांगलीच्या परिसरात दूरवर पोहोचला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी तरुणपणी किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी खेडोपाडी फिरती केली. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या या महापुरुषाने बहुजनांचे दारिद्र्य व अज्ञान किती जवळून पाहिले असेल! सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांनी नांगराचा कारखाना काढला. हेच गृहस्थ १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंनी काचेचा उद्योग भरभराटीस आणला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. एक दिवा लागला की शेजारचे दिवे लागतात, तसेच हे झाले.

नफा आणि संकटे

वाचकांस वाटेल, एवढी परोपकारी वृत्ती असताना पैसा कसा उरला? लक्ष्मणराव दानशूर धर्मशाळा चालवीत नव्हते. ते व्यापारी होते आणि हिशेबात चोख होते. नांगराचा फाळ झिजतो, म्हणून तो सुटा बदलता आला पाहिजे. बदलीचा फाळ शेतकऱ्यास वेळेवर मिळाला, तरच तो पुढचा नांगर त्याच कारखान्याचा घेईल. मालाची चांगली प्रत हाच सर्वांत किफायतशीर व्यवहार, हे सूत्र येथे दिसते.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगर येईनासे झाले, त्यामुळे मागणी वाढली, पण लोखंड व कोळसा दोन्ही दुर्मिळ झाले. त्या अडचणीत कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीस आले आणि त्यांनी जुन्या तोफांचे लोखंड उपलब्ध करून दिले. ज्या तोफांनी एके काळी माणसे मारली, त्या वितळून त्यांचे नांगर झाले. टाकाऊ धातूचा असा सदुपयोग क्वचितच घडला असेल.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याच्या जाहिरातीतून जन्मलेले हे पत्र पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून सर्व महाराष्ट्राचे झाले. १९३० साली स्त्री व १९३४ साली मनोहर ही भावंडे निघाली. माळावरच्या त्या खेड्यातून छापून निघालेल्या या मासिकांनी स्त्रीशिक्षण, विज्ञाननिष्ठा व उद्योगप्रियता यांचा प्रसार किती घरांत केला, हे आपल्या वडीलधाऱ्यांस विचारावे.

नांगराची विक्री शेतकऱ्याच्या सुगीवर अवलंबून असते. शेतमालाचे भाव पडले की ती थंडावते. म्हणून उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, हातपंप, लोखंडी फर्निचर अशी नवी नवी कामे कारखान्याने उचलली. एक काम बसले तर दुसऱ्याने मजुरी चालू राहावी, यात व्यवहार आणि दया यांची सांगड आहे. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात तंत्रविद्यालयातून १९२६ साली अभियंते होऊन आले आणि उद्योगास नवे बळ मिळाले. पाण्याचे पंप, एंजिने, विजेच्या मोटारी यांकडे लक्ष वळले. १९४१ साली हरिहर येथे यंत्रे बनविणारा कारखाना निघाला, आणि १९४६ साली पुण्यास तेल-एंजिनांचा व बंगळूरला विजेच्या यंत्रांचा उद्योग उभा राहिला.

जमा आणि खर्च

चरित्रलेखकाने केवळ आरती ओवाळू नये. या उद्योगाने जे दिले त्याबरोबर जे प्रश्न उरले तेही पाहिले पाहिजेत. मालकाने घर, शाळा, पाणी सर्व द्यावे, या व्यवस्थेत कामगाराचे सुख मालकाच्या चांगुलपणावर अवलंबून राहते. नोकरीबरोबर घरही जाण्याचे भय असते. म्हणून कायद्याने मिळणारे हक्क हे सज्जन मालकाच्या हाताखालीही आवश्यकच असतात.

दुसरा प्रश्न पाण्याचा. पंपाने आपल्या मुलखात क्रांती केली. मोटेला बैल जुंपून दिवसभरात जितके रान भिजे, त्याहून कितीतरी अधिक आता सहज भिजू लागले. आज ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या योजनांतून कृष्णेचे पाणी उचलून पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांकडे नेले जाते, तेही पंपांच्याच बळावर. परंतु याच जिल्ह्यात नदीकाठी उसाला अतोनात पाणी दिल्याने पुष्कळ उत्तम जमीन क्षारपड झाली आहे. पांढरी पडलेली ती रानें पाहिली की मन विषण्ण होते. पूर्वेकडे विहिरींचे तळ खोल जात आहेत. हा दोष पंपाचा नव्हे, तो वापरणाऱ्याच्या हव्यासाचा आहे. तरीही साधन देणाऱ्याने त्याबरोबर संयमाचे शिक्षणही दिले पाहिजे, हा धडा पुढच्या पिढ्यांसाठी शिल्लक राहिला आहे.

आपल्या तिफणीला तीन फण असतात. चाड्यात मूठ टाकली की बियाणे तीन नळ्यांतून सारखे उतरावे लागते. एखादी नळी बुजली तर पेरताना ते कोणास कळत नाही, औत तसेच पुढे जाते. पीक उगवून आल्यावर मात्र तिसरी ओळ रिकामी दिसते, आणि तेव्हा हंगाम निघून गेलेला असतो. उद्योगाचेही तसेच आहे. पैसा, माणसे आणि जमीन-पाणी या त्याच्या तीन नळ्या. पैशाची नळी बुजली तर वर्षाअखेर ताळेबंद ओरडून सांगतो. माणसांची बुजली तर काही वर्षांनी संपाच्या रूपाने कळते. जमीन-पाण्याची बुजली तर ते कळावयास एक पिढी जाते. म्हणून जी नळी सर्वांत उशिरा बोलते, तिच्याकडे सर्वांत आधी पाहावे.

उत्तरायुष्य

उतारवयात लक्ष्मणरावांनी कारभार पुढच्या पिढीच्या हाती सोपविला. राजकारणाच्या धामधुमीत ते पडले नाहीत, परंतु लोकमान्य टिळकांविषयी त्यांना नितांत आदर होता, आणि स्वदेशीचे व्रत त्यांनी आपल्या पद्धतीने आचरिले. त्यांच्या कारखान्याशेजारचे कुंडल गाव पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे प्रमुख ठाणे म्हणून इतिहासात अजरामर झाले. १९४७ साली देश स्वतंत्र झालेला त्यांनी पाहिला. औंध संस्थान विलीन झाले, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि तोच १९६० साली सांगली जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. हे शेवटचे नामांतर पाहण्यास मात्र लक्ष्मणराव उरले नव्हते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीस भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

ज्या मुलास रंग ओळखता आले नाहीत, त्याने एका उजाड माळाचा रंग पालटला. आपल्या मंडळातील जे तरुण उद्योगात पडत आहेत, त्यांना एवढेच सांगणे आहे. ताळेबंद लिहिताना जमेच्या बाजूस किती रुपये हे अवश्य मांडा. त्याखाली, किती घरांत चूल सुखाने पेटली आणि आपल्या कारखान्याच्या खालच्या अंगाच्या विहिरीचे पाणी पूर्वीसारखेच गोड आहे की नाही, हेही दरवर्षी न चुकता लिहीत जा. तो हिशेब कोणी तपासावयास येणार नाही. तो आपला आपणच तपासावयाचा असतो.

— एक सेवानिवृत्त शिक्षक